द्वारा संगणक क्रमांक एक

यंदाच्या वळवाने आमचा राउटर नेला. पाऊस जेमतेम वीस मिनिटं पडला. कैऱ्यांचा सडा पडला, मागचा पत्रा हलला आणि राउटरचे दिवे गेले ते गेलेच. संध्याकाळी केबलवाला आला. त्याने ॲडॉप्टर बदलून पाहिला, डबा कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, “काका, पोर्टच जळलंय. तांब्याच्या तारेतनं शिरतंय ते. नवीन यायला चार दिवस धरा.” खांबावरचा त्याचा स्विच त्याने तेवढ्यात बदलला होता, त्यामुळे घरात येणाऱ्या वायरीत इंटरनेट होतं. दिवाणखान्यातला जुना डेस्कटॉपही वाचला होता, कारण ढग दाटले की त्याचा प्लग काढायचा ही आमच्या घरातली शिस्त. राउटर बिचारा चोवीस तास चालू. त्याचा प्लग कोण काढणार?

वायर डेस्कटॉपमध्ये खोचली की तिथे इंटरनेट मिळणार होतं. अडचण मुलीच्या लॅपटॉपची. तो आतल्या खोलीत, त्याला वायरीचं भोकच नाही, आणि सोमवारपासून तिच्या ऑनलाइन मुलाखती. “फोनचा हॉटस्पॉट लाव ना,” मी म्हणालो. “बाबा, दिवसाचे दोन जीबी दुपारीच संपतात.” मग ते चार दिवस राउटरचं काम डेस्कटॉपने केलं. ते कसं करायचं आणि करताना आत काय घडतं, ते सांगतो.

राउटर हा शब्द थोडा फसवा आहे. त्या डब्यात खरं तर चार वेगवेगळी कामं एकत्र बसवलेली असतात. एक, रेडिओचं: हवेतून बोलणं आणि ऐकणं. दुसरं, घरात आलेल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देणं. तिसरं, बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता बदलणं. चौथं, संकेतस्थळाचं नाव सांगितलं की त्याचा आकडी पत्ता शोधून आणणं. यातलं एकही काम त्या डब्याची मक्तेदारी नाही. शेवटची तीन कामं तर विंडोजला १९९९ पासून, म्हणजे विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून येतात. तेव्हा घरोघरी डायल-अप होतं, आणि एका मॉडेमवर दोन संगणक चालावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ नावाची सोय त्यात घातली होती. आज आपण तीच वापरणार आहोत, फक्त तिच्यापुढे रेडिओ जोडून.

रेडिओपासूनच सुरुवात करू. लॅपटॉपमध्ये वायफाय असतंच. जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा नसतं, आणि इथे अनेकांचा बेत बारगळतो. पेन ड्राइव्हसारखा दिसणारा वायफाय डोंगल काही शे रुपयांत मिळतो. तो यूएसबीत खोचला की काम होतं. पण कुठे खोचता याला महत्त्व आहे. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला, टेबलाखाली, भिंतीला चिकटून असलेल्या भोकात डोंगल लावला तर पुढे पत्र्याचा अख्खा डबा आडवा येतो आणि लहरी त्यातून पार होत नाहीत. दुसरं असं की निळ्या रंगाच्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टांतून आणि वायरींतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर स्वतंत्र टिपण काढलं होतं. म्हणून हातभर लांबीची यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घ्यावी, ती काळ्या पोर्टात लावावी आणि डोंगल टेबलाच्या वर, मोकळ्यावर ठेवावा. आमच्या घरी तो देवळीत, निरांजनाच्या शेजारी बसला. आतल्या खोलीच्या दारातून तिथवर सरळ नजर जाते, हे त्यामागचं एकमेव कारण.

आता वायर. ती डेस्कटॉपच्या लॅन पोर्टात लावली की लगेच इंटरनेट येईलच असं नाही. गावोगावच्या केबलवाल्यांकडे दोन पद्धती असतात. एका पद्धतीत युजरनेम आणि पासवर्ड लागतो. तो आजवर राउटरच्या पोटात साठवलेला होता, त्यामुळे आपल्याला कधी टाकावाच लागला नाही. तो विचारून घ्यायचा आणि विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डायल-अप’ या भागात जाऊन नवीन ब्रॉडबँड कनेक्शन करताना भरायचा. दुसऱ्या पद्धतीत पासवर्ड नसतो, पण केबलवाल्याच्या यंत्राने आपल्या राउटरचा कारखान्यातून आलेला ओळख-क्रमांक, म्हणजे मॅक ॲड्रेस, लक्षात ठेवलेला असतो. वायरीच्या टोकाला दुसरंच यंत्र दिसलं की ते दार उघडत नाही. माझा पाऊण तास यात गेला. वायर तपासली, केबल बदलली, डेस्कटॉप दोनदा बंद-चालू केला. शेवटी फोन केला, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “मग मॅक रिसेट करायला सांगायचं ना काका. पाच मिनिटं थांबा.” तिसऱ्या मिनिटाला इंटरनेट आलं.

डेस्कटॉपवर एखादं पान नीट उघडेपर्यंत पुढे जाऊ नये. विंडोज १० असो वा ११, ज्या संगणकाला स्वतःलाच इंटरनेट नाही, तो हॉटस्पॉट सुरू करायला नकार देतो.

ते जमलं की बाकीचं अगदी थोडं उरतं. सेटिंग्ज उघडा, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जा आणि ‘मोबाइल हॉटस्पॉट’ निवडा. नावातल्या मोबाइलने गोंधळू नका. डेस्कटॉपलाही तेच लागू. तिथे दोन प्रश्न असतात. इंटरनेट कुठून घ्यायचं? वायरीतून, म्हणून ‘इथरनेट’, किंवा वर तयार केलेल्या ब्रॉडबँड कनेक्शनचं नाव. ते कशावरून वाटायचं? ‘वायफाय’वरून. मग ‘एडिट’ दाबून नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड आपल्या सोयीचा करा. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. बटण चालू करा. लॅपटॉपवर वायफायच्या यादीत ते नाव दिसेल, पासवर्ड टाका, झालं. अशी आठ उपकरणं एकावेळी जोडता येतात.

विंडोजऐवजी मॅक संगणक असेल तर ‘जनरल’मधल्या ‘शेअरिंग’खाली ‘इंटरनेट शेअरिंग’ आहे, आणि उबुंटू लिनक्समध्ये वायफायच्या सेटिंग्जमध्येच हॉटस्पॉटचं बटण आहे. कल्पना सगळीकडे एकच.

आता हे बटण दाबल्यावर हवेत काय होतं ते पाहू, कारण इथे एक जुना घोळ आहे. ‘राउटरशिवाय दोन संगणक जोडणे’ म्हटलं की पंधरा-वीस वर्षांपूर्वी लोक ‘ॲड-हॉक’ पद्धत सांगायचे, आणि अजूनही काही जण तीच सांगतात. वायफायचं पहिलं मानक, ८०२.११, १९९७ साली आलं, वेग सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट. त्यातच दोन रीती होत्या. एकीत मध्ये एक केंद्र असतं आणि सगळे त्याच्यामार्फत बोलतात. दुसरीत केंद्रच नसतं. दोघं समोरासमोर येतात आणि बोलू लागतात. ही दुसरी रीत म्हणजे ॲड-हॉक. ऐकायला ती आपल्या कामाची वाटते. व्यवहारात मात्र तिची आबाळ झाली. वायफाय कार्ड करणाऱ्या कंपन्यांनी सगळी मेहनत पहिल्या रीतीवर घेतली, त्यामुळे ५४ मेगाबिटची कार्डंसुद्धा ॲड-हॉकमध्ये पुष्कळदा ११ वरच अडकायची. शिवाय त्या काळात तिला कुलूप असायचं ते बहुतेक डब्ल्यूईपीचं, आणि ते कुलूप कसं उघडतं हे स्कॉट फ्लुरर, इत्सिक मँटिन आणि आदी शमीर यांनी २००१ मध्येच जगाला दाखवून दिलं होतं. अँड्रॉइड फोनना तर असं नेटवर्क यादीत दिसतही नाही.

२००९ मध्ये विंडोज ७ आली तेव्हा वेगळा विचार झाला. केंद्राशिवाय जोडायच्या भानगडीत पडायचंच नाही. दोघांपैकी एका संगणकाने केंद्राचं सोंग घ्यायचं. डोंगल तोच, पण तो बाहेर सांगतो की मी राउटर आहे, आणि समोरच्या लॅपटॉपला फरक कळत नाही. पुढे २०१० मध्ये ‘वायफाय डायरेक्ट’ आलं तेही याच चालीवर: दोघं भेटले की त्यांच्यात एक जण म्होरक्या ठरतो. विंडोजचं आजचं हॉटस्पॉटचं बटण २०१६ पासून आहे आणि आत वायफाय डायरेक्टचाच आभासी अडॅप्टर वापरतं. तेव्हा कुणी ॲड-हॉकच्या पायऱ्या सांगू लागला तर त्याचं ऐकून घ्यावं आणि बटण दाबावं.

रेडिओ जोडला गेला, पण त्याने अजून इंटरनेट मिळालेलं नाही. दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ लागलं, इतकंच. खरी गंमत पुढे आहे, आणि ती समजली की पुढच्या सगळ्या बिघाडांचा अर्थ लागतो.

हॉटस्पॉट सुरू होताच डेस्कटॉपला दोन पत्ते होतात. एक बाहेरचा, केबलवाल्याने वायरीतून दिलेला. दुसरा घरातला, जो विंडोज स्वतःच घेते: १९२.१६८.१३७.१. लॅपटॉप जोडला गेला की तो पहिल्यांदा हवेत ओरडतो, मला कुणी पत्ता द्या! डेस्कटॉप त्याच मालिकेतला एखादा मोकळा आकडा त्याला देतो, समजा १९२.१६८.१३७.५०, आणि सोबत सांगतो, बाहेर काही पाठवायचं असेल तर माझ्याकडे दे.

हे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी आहेत. १९९६ साली आखून दिलेल्या नियमाप्रमाणे ते कुणीही आपल्या घरात वापरावेत, पण बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना किंमत नाही. ‘मागची खोली, माडीवर’ एवढंच लिहिलेलं पत्र पोस्टमन कुठे नेणार? जगभरात लाखो घरांत १९२.१६८.१३७.५० असेल. मग लॅपटॉपने मागवलेलं पान त्याच्यापर्यंत परत येतं कसं?

जुन्या वाड्यात भाड्याने राहिलेल्यांना हे लगेच समजेल. वाड्याला पत्ता एकच. आत दहा बिऱ्हाडं. पत्रावर ‘द्वारा’ लिहून मालकाचं नाव घालायचं, पत्र मालकाच्या ओटीवर पडायचं आणि तिथून ज्याच्या त्याच्याकडे जायचं. डेस्कटॉप हेच करतो, फक्त जरा जास्त चलाखीने. लॅपटॉपचं पाकीट त्याच्याकडे आलं की पाठवणाऱ्याच्या जागी असलेलं लॅपटॉपचं नाव तो खोडतो आणि स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहितो. त्यासोबत एक खूण-क्रमांकही घालतो, ज्याला पोर्ट म्हणतात. (डब्याला असलेल्या भोकांशी याचा संबंध नाही, नाव दुर्दैवाने एकच आहे.) हे क्रमांक ० ते ६५,५३५ पर्यंत असतात. समजा त्याने ५१,२०० घातला, तर आपल्या वहीत नोंद करतो: ५१,२०० म्हणजे आतल्या खोलीतला लॅपटॉप, अमुक खिडकी. पलीकडचं संकेतस्थळ उत्तर पाठवतं ते डेस्कटॉपला, कारण त्याच्या लेखी लॅपटॉप नावाची वस्तू अस्तित्वातच नाही. उत्तरावर ५१,२०० ही खूण असते. डेस्कटॉप वही उघडतो, नोंद सापडते, पत्ता पुन्हा बदलतो आणि पाकीट हवेत सोडतो. एक पान उघडताना अशी शेकडो पाकिटं जातात-येतात आणि प्रत्येकाच्या वेळी वही उघडली जाते.

या वहीमुळे एक आपसूक फायदा होतो. बाहेरून न मागवता आलेल्या पाकिटाची नोंद वहीत नसते, त्यामुळे ते लॅपटॉपपर्यंत पोचतच नाही. तोटाही तोच. लॅपटॉपवर एखादा गेम सर्व्हर चालवून बाहेरच्या मित्रांना बोलवायचं म्हटलं तर ते दारातूनच परत जातील.

ही युक्ती १९९४ साली लिहून मांडली गेली ती तात्पुरती म्हणून. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच ४,२९,४९,६७,२९६ होते आणि ते संपणार हे दिसत होतं. लांब पत्ते येईपर्यंत वेळ काढायचा, एवढाच हेतू. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठा खरंच संपला. लांब पत्ते आलेही, पण वही काही मिटली नाही. उलट आता केबलवाल्याकडेही तशीच वही असते. आपल्या डेस्कटॉपचा ‘बाहेरचा’ पत्ता तपासून पाहा, तो १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तो पत्ताही खासगीच समजा. ‘द्वारा’च्या आत ‘द्वारा’. आमचा तसाच निघाला.

आता बिघाड. लॅपटॉप जोडला गेला असं दिसतं, पण पान उघडत नाही, ही नेहमीची तक्रार. आधी लॅपटॉपचा पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याने पत्ता मागितला पण कुणी दिला नाही, आणि नाइलाजाने त्याने स्वतःच एक घेतला, असा त्याचा अर्थ. बहुधा डेस्कटॉपवरचं एखादं सुरक्षेचं सॉफ्टवेअर आड येत असतं. ते क्षणभर थांबवून पाहावं, हॉटस्पॉट बंद करून पुन्हा चालू करावा. पत्ता १९२.१६८.१३७ चा असूनही पान येत नसेल तर डेस्कटॉपवर व्हीपीएन चालू आहे का ते पाहा. ऑफिसचं व्हीपीएन सगळी वाहतूक आपल्या बोगद्यात ओढतं आणि लॅपटॉपची पाकिटं ओटीवरच पडून राहतात. आणि काही चालतं, काही नाही, ब्राउझर ‘नाव सापडलं नाही’ म्हणतो, अशी स्थिती असेल तर चौथं काम, नाव शोधण्याचं, अडलंय. लॅपटॉपच्या वायफायच्या सेटिंग्जमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता हाताने घातला की ते सुटतं.

याशिवाय दोन चोरटे बिघाड आहेत, जे अर्ध्या तासाने उगवतात. पहिला, डेस्कटॉप झोपतो. राउटरला झोप नसते, डेस्कटॉपला असते. पॉवरच्या सेटिंग्जमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करावं. स्क्रीन काळी झाली तरी चालते. दुसरा, कुणी जोडलेलं नसेल तर वीज वाचवायला हॉटस्पॉट आपणहून बंद होतो. मुलगी चहाला उठली, लॅपटॉप मिटला, परत आली तर नेटवर्क गायब. ‘मोबाइल हॉटस्पॉट’च्याच पानावर वीज वाचवण्याचं बटण असतं, ते बंद करावं.

वेगाबद्दल फार आशा धरू नये. डोंगलच्या खोक्यावर १५० मेगाबिट छापलेलं असेल तर प्रत्यक्षात निम्मे मिळाले तरी समाधान मानावं. वायफायचा रेडिओ एका वाहिनीवर एकावेळी बोलू तरी शकतो किंवा ऐकू तरी, आणि बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते पाहून थोडा थांबतो. इंटरनेट वायरीतून येत असेल तर एवढाच खर्च. पण डेस्कटॉप स्वतः दुसऱ्या वायफायवरून इंटरनेट घेऊन त्याच डोंगलने पुढे वाटत असेल, तर प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं आणि वेग जवळपास अर्ध्यावर येतो.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ? २.४ च्या लहरी सुमारे साडेबारा सेंटिमीटरच्या, त्या भिंती बऱ्या पार करतात. पण तिथे गर्दी फार. २००५ साली केंद्र सरकारने हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला आणि तेव्हापासून अख्खी आळी तिथेच बोलते. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ वर चालतो. त्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. पाच गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस, पण जुन्या घराच्या दगडी भिंतीपुढे त्या लहरी दमतात. आमच्याकडे एक भिंत आणि एक लोखंडी कपाट आडवं असल्याने २.४ च बरं पडलं. मुलाखतीच्या वेळात दूध ओव्हनऐवजी गॅसवर तापवायचं, असा हुकूम निघाला.

पासवर्डबद्दल मात्र थट्टा नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरातल्या कुलूप न लावलेल्या वायफायवरून गेला होता. पोलीस आधी त्या घरात पोचले, कारण बाहेरच्या जगाला दिसतो तो ‘द्वारा’चा पत्ता. वर सांगितलेली वही उलट बाजूने वाचली की हे असं होतं: लॅपटॉप कुणाचाही असो, पाकिटावर नाव डेस्कटॉपचं, आणि डेस्कटॉप ज्याच्या नावावरच्या जोडणीवर आहे त्याचं. शेजारच्यांना पासवर्ड देताना एवढं आठवावं.

आणखी एक सोय अशी की आता दोन्ही संगणक एकाच घरातल्या नेटवर्कवर आहेत, त्यामुळे इंटरनेट बंद पडलं तरी त्यांच्यातला रस्ता चालू राहतो. डेस्कटॉपवर एक फोल्डर शेअर केलं आणि लॅपटॉपच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन १९२.१६८.१३७.१ लिहिलं की ते फोल्डर समोर येतं. तिसऱ्या रात्री मुलाखती संपल्यावर मुलीने तिच्या लॅपटॉपवरचे सगळे जुने फोटो डेस्कटॉपवर हलवले, पेन ड्राइव्ह न शोधता. पाचव्या दिवशी राउटर आला. केबलवाल्याने तो भिंतीवर टांगला, दिवे लागले, पण नेट काही येईना. “काका,” तो डोकं खाजवत म्हणाला, “मॅक रिसेट करायला लागणार.”